एकशे चौदा हुंकार

व्हायोलिनवाल्यांच्या रांगेत चौथ्या खुर्चीवर चौतीस वर्षं बसल्यामुळे त्यांचं नाव चौथेमास्तर पडलं. खरं आडनाव घराच्या दारावर होतं, पण स्टुडिओत ते सांगून कुणी विचारलं असतं, तर असा माणूस इथे नाही म्हणून हाकलून दिलं असतं. चित्रपटांचं पार्श्वसंगीत वाजवणं हा मास्तरांचा धंदा. कानाला हेडफोन, पुढ्यात नोटेशनचा स्टँड आणि समोरच्या पडद्यावर चित्रपटाचा एक तुकडा, तोही मुका. आई मरतेय, वाजवा. नायक जिना उतरून पळतोय, वाजवा. झालं? चला, दुसरी आई.

पुढे संगणकाने चाळीस व्हायोलिनं एका पेटीत बसवली आणि मास्तरांना बोलावणं येईनासं झालं. वय साठ, बोटं शाबूत. दुसऱ्या एखाद्याने गपगुमान शिकवण्या धरल्या असत्या. मास्तरांनी पटकथा लिहायला घेतली.

"चौतीस वर्षं पिक्चरच तर बघतोय," ते बायकोला म्हणाले. "आता आणखी शिकायचं काय राहिलंय?"

"मग लिहा की," बायको म्हणाली. शाळेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेली बाई ती. नवरा टेबलाशी बसला म्हणजे आपल्या पायात कडमडणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

पाच महिन्यांत पटकथा तयार झाली. एक म्हातारं जोडपं राहतं घर विकायला काढतं आणि खोल्या आवरता आवरता आपला संसार पुन्हा एकदा बघतं, अशी गोष्ट. लहानपणी सहा महिने मास्तरांकडे व्हायोलिन शिकून ते कायमचं माळ्यावर टाकलेली एक मुलगी आता दिग्दर्शक झाली होती. छापखान्याच्या वर तिचं ऑफिस. खालची मशीनं सुरू झाली की टेबलावरचे चहाचे कप बशीत थरथरायचे. तिथे तिने मास्तरांसमोर बाड उघडलं.

"सर, गोष्ट मला आवडली. पण हे बघा. पान एक, बाई रडते. पान दोन, बाई पळते. पान चार, दोघं मिठी मारतात. पान पाच, कुत्रं पळत येतं."

"कुत्रं आलं की व्हायोलिन फार उठतं," मास्तर म्हणाले.

"सर, या घरात भाजी कोण आणतं?"

हा प्रश्न मास्तरांना उभ्या जन्मात पडला नव्हता, आणि त्यात त्यांचा दोष तरी काय? जिथे संगीत लागतं तेवढेच तुकडे स्टुडिओत दाखवतात. चित्रपटातली माणसं एरवी चहा मागतात, किल्ली शोधतात, एकमेकांवर वैतागतात, हे मास्तरांनी पाहिलंच नव्हतं. दिवसभर व्हायोलिनवर गज ओढून झाल्यावर पैसे देऊन पुन्हा तेच बघायला कोण जाईल? बायको आपली बहिणीबरोबर थिएटरात जायची.

"मला असे बारा प्रसंग द्या," दिग्दर्शक मुलगी म्हणाली, "ज्यात कुणी रडत नाही, पळत नाही. नुसतं बोलतात. दहा दिवस आहेत, सर. जमलं तर हीच फिल्म करते. नाही जमलं तर माझ्याकडे दुसरी पटकथा आहे, मला ती घ्यावी लागेल."

मास्तर घरी आले ते पार धास्तावून. आख्ख्या आयुष्यात हे एकच काम त्यांनी स्वतःच्या नावाने केलं होतं. एरवी पडद्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं 'व्हायोलिन आणि इतर', आणि मास्तर त्या इतरांत. हे गेलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिले दोन दिवस त्यांनी डोक्यातून संवाद काढले. 'बायको : आपण कसे आहात? नवरा : मी बरा आहे. बायको : आज हवा छान आहे.' वाचून त्यांनाच लाज वाटली. तिसऱ्या दिवशी त्यांना सुचलं की माणसं घरात काय बोलतात, हे ऐकायला घरात एक माणूस आहे.

झालं. मास्तर नोटेशनची वही घेऊन बायकोच्या मागे लागले. ती स्वयंपाकघरात गेली की हे दारात. ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली की हे तिथे, वर्तमानपत्र उलटं धरून. ती गळक्या नळाशी बोलायची, बहिणीशी फोनवर भांडायची, हरवलेल्या चष्म्याला बोल लावायची. मास्तरांचा कान तयार. कुठे थांबली, कुठे सुस्कारा सोडला, सगळं जसंच्या तसं पाच रेघांच्या मध्ये उतरत होतं. आणि त्यांना नवल वाटत होतं की ही बाई इतकं झकास बोलते.

"अहो, पोटात दुखतंय का?" तिने चौथ्या दिवशी विचारलं.

"नाही."

"मग असे घुटमळताय का? काही फोडलंत का?"

सातव्या दिवशी बारा प्रसंग लिहून झाले. आता घोडं अडलं ते अक्षरावर. मास्तरांचं अक्षर मास्तरांनाच लागत नसे, आणि बायकोचं मोत्याच्या दाण्यासारखं. शेवटी भीत भीत वही तिच्यापुढे सरकवली. "जरा सुवाच्य लिहून देतेस?"

तिने चष्मा लावला. पहिलं पान वाचलं आणि भुवया वर गेल्या. मग पेन्सिल घेऊन बारीक खुणा करत ती शेवटपर्यंत वाचत गेली. मास्तर समोर बसून नखं कुरतडत होते.

"माझा शब्द न् शब्द आहे," ती म्हणाली. "म्हणजे तुम्हाला ऐकू येतं! मी समजत होते, पालथ्या घड्यावर पाणी."

"हं."

"आणि यातला नवरा फक्त 'हं' म्हणतो. एकशे चौदा वेळा. आत्ताचा धरून एकशे पंधरा."

मास्तरांनी वही ओढून पाहिली. खरंच. त्यांनी घरात जे ऐकलं तेच लिहिलं होतं.

"अगं, तो तसाच आहे."

"तो तसाच असेल तर त्याला बघायला तिकीट कोण काढेल?" म्हणत ती वही घेऊन आत गेली.

दहाव्या दिवशी सकाळी सुवाच्य प्रत बाहेर आली. तिचे संवाद जसेच्या तसे होते, पण एकही 'हं' शिल्लक नव्हता. नवरा बोलत होता! तिसऱ्या प्रसंगात तो म्हणत होता, "हे पडदे तू निवडलेस ना? छान आहेत." सातव्यात, "काल जिन्यात दोनदा थांबलीस. गुडघा दुखतोय का?" अकराव्यात तो बायकोच्या बहिणीची बाजू घेत होता, म्हणजे कमालच.

"हा कोण माणूस?" मास्तर चिडले.

"नवरा."

"कुणाचा?"

"कुणाचा का असेना. वाचा पुढे."

मास्तरांनी पुढे वाचलं. आपल्याच घरात कागदाच्या माणसाचा मत्सर वाटावा, याची त्यांना लाज वाटली. पडदे लावून अकरा वर्षं झाली होती. पण दहावा दिवस उजाडला होता, वाद घालायला वेळ नव्हता. बाड तसंच छापखान्यावरच्या ऑफिसात पोचतं केलं.

तीन दिवसांनी जेवणं उरकल्यावर फोन आला. मास्तरांनी स्पीकर लावला.

"सर, फिल्म होतेय! बायको तर छान आहेच, पण नवरा काय लिहिलाय तुम्ही! असा माणूस सापडला कुठे?"

असं वाक्य ऐकायला मास्तरांनी सगळा जन्म काढला होता. नुसतं 'आभारी आहे' म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. बायको टेबल पुसत होती, वर बघतही नव्हती.

"तो माझा नाही," मास्तर म्हणाले. "हिने लिहिलाय. मी लिहिला होता तो नुसता हुंकार भरत होता."

पलीकडे हसणं सुरू झालं. "मग काकूंचंही नाव घालते. सोमवारी दोघंही या."

फोन बंद झाला. बायको फडकं पिळून उभी राहिली. काहीतरी म्हणावं असं मास्तरांना वाटलं, आणि पहिल्यांदाच काय म्हणावं ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

"कुठला गुडघा?" त्यांनी विचारलं. "उजवा की डावा?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "हे मी लिहिलं नव्हतं."

"नाही."

"डावा," ती म्हणाली, खुर्ची ओढून बसली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.