तात्यांच्या दारातला खुळखुळ आवाज

मंडळी, आज सकाळीच बारामतीत घडलेलं सांगतो.

आमचे शेजारी तात्या ऊसवाले. त्यांची मोटार वयानं त्यांच्या खालोखाल. आज इंदापूरला लेकीकडे नातवाचं बारसं, आणि काकू पिशवी घेऊन एसटीला निघालेल्या. "त्या खुळखुळ्यात मी न्हाय बसायची. दार वाटंत गळून पडंल."

तात्यांचा चेहरा पडला. एवढी हौसेची मोटार, आणि आजी-आजोबा बारशाला वेगवेगळे पोचणार.

शास्त्रात शब्द, म्हणजे आवाज, हा आकाशाचा गुण मानलाय. तात्यांच्या मोटारीत तो डाव्या दाराचा होता. तात्यांनी घाईनं गाडीचा मिस्त्री बोलावला. कुतूहलानं मीही त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

मिस्त्रीनं दाराचा आतला पुठ्ठा काढून हात घातला. निघाल्या ओंजळभर सुपाऱ्या.

"तात्या, दारात पानाचं दुकान काढलंय व्हय?" मिस्त्रीनं विचारलं.

काकू थबकल्या. "तुमी गावाला निगालं की गणपतीची म्हणून एक काचंजवळ ठिवते मी. दर खेपंला न्हाईशी व्हायची. मला वाटलं, पावली."

"पावली न्हाय, साठली," तात्या म्हणाले.

मिस्त्रीनं काचेच्या फटीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बसवली आणि दार आपटून पाहिलं. आवाज बंद. तरी काकू उभ्याच.

"आता ही कुठं ठिवू?" हातात आजची सुपारी होती.

तात्यांनी सदऱ्याचा खिसा पुढे केला. काकूंनी सुपारी त्यात टाकली, आणि मग मोटारीत बसल्या.

तुमच्याकडे वाहन निघताना काय ठेवतात? आणि ते पुढे कुठं जातं, हे कुणी पाहिलंय का?