डावं मागे राहतंय

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, तेलाचे रिकामे डबे आणि किस्से. डबे भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. बाळकुमला खाडीच्या काठावर पास्कलकाकांचं बोटींच्या इंजिनांचं वर्कशॉप आहे. मी डोंबिवलीहून तिथे अकरा वर्षं जातोय. हल्ली काका खुर्चीत बसून असतात आणि मी हे किस्से सांगायला लागलो की मधेच चुका काढतात.

पहिल्याच आठवड्यात कळव्याचे हरिश्चंद्रदादा आपली दोन इंजिनांची बोट घेऊन आले. अशा बोटीला मागे दोन इंजिनं शेजारी शेजारी लावलेली असतात आणि बटण दाबलं की दोन्ही तेलाच्या दाबावर वर उचलली जातात. याला पॉवर ट्रिम म्हणतात. दोन्ही सारखी उचलली गेली पाहिजेत, नाहीतर बोट एका अंगाला झुकून चालते. दादांचं डावं इंजिन अर्ध्यावरच अडायचं.

मी ताजा डिप्लोमावाला. स्विचबोर्ड उघडला, मीटर लावला, वायरिंगचा नकाशा पसरला आणि अडीच तास तिथून हललो नाही. काका चहा पिऊन आले, डाव्या पंपाचं झाकण काढून आत बोट घातलं. बोट कोरडं. तेल ओतलं, हवा निघून जावी म्हणून चार वेळा वरखाली केलं आणि इंजिन पूर्ण उचललं गेलं.

"तुझ्या नकाशात तेल दाखवलेलं नाय काय रे, डिप्लोमा?"

त्या दिवसापासून माझं नाव डिप्लोमा. घरचं नाव काकांना आजही नीट आठवत नसावं.

*

काकांचा दुसरा नियम म्हणजे अदलाबदल. एक बाजू बिघडली की डाव्याचा रिले, म्हणजे पंपाला वीज सोडणारा छोटा स्विच, उजव्याला लावायचा आणि उजव्याचा डाव्याला. बिघाड रिलेबरोबर पलीकडे गेला, तर दोष रिलेचा. जागेवरच राहिला, तर पुढे शोधायचं.

पुन्हा एकदा दादांचं डावं इंजिन रखडलं, तेव्हा आम्ही रिले बदलले. डावं झक्क चाललं आणि उजवं रखडलं. काका खूश! दादांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, एकच बिघडलेलं घेऊन आलो होतो, तुम्ही दुसरंही बिघडवलंत.

काकांच्या बायकोनं, मार्थाकाकूंनी, हा नियम घरी भोगलाय. गॅसच्या शेगडीचा एक बर्नर मंद जळायचा. काकांनी दोन्ही बर्नर एकमेकांच्या जागी लावले, मंदपणा दुसऱ्या बाजूला गेला, दोष सापडल्याच्या आनंदात काका कामावर निघून आले. काकू महिनाभर दुसऱ्या बाजूला भाकऱ्या भाजत होत्या.

*

एका बोटीचा किस्सा मात्र मला लपवावासा वाटतो. डॅशबोर्डवरचा काटा डावं इंजिन खाली आहे असं दाखवत होता. मी तेल बघितलं, रिले बदलले, वायरी साफ केल्या. दोन दिवस गेले. काका बोटीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मला हाक मारली. दोन्ही इंजिनं एका रेषेत! बिघाड फक्त काट्यात होता.

"काटा बघतोस. इंजिन कधी बघणार?"

तेव्हापासून आमची शेवटची तपासणी ठरलेली. मी बटणाशी उभं राहून मागे बघायचं. काकांनी बोटीच्या मागे उभं राहून दोन्ही तळवे हळूहळू वर न्यायचे आणि इंजिनं त्या तळव्यांबरोबर उचलली गेली पाहिजेत. आमच्याकडे काट्यापेक्षा काकांच्या हातांवर जास्त विश्वास.

*

गिऱ्हाईक येऊन मेकॅनिक आहे का विचारायचं. काका शांतपणे सांगायचे, "मेकॅनिक मी. हा डिप्लोमा."

आठव्या वर्षी मी चिडून विचारलं, मी मेकॅनिक कधी होणार? काका म्हणाले, "न उघडता कळलं की झालास."

खोटं कशाला बोलू, मला ते लागलं होतं. बायको म्हणायची, कळव्याला दुसरं काम बघा. पण लॉकडाऊनमध्ये बोटी बंद होत्या, तेव्हा हाच माणूस रोज सकाळी फोन करून एक बिघाड सांगायचा आणि मला ओळखायला लावायचा. मी उत्तरात झाकण काढलं की म्हणायचा, "उघडलंस. परत सांग." मला त्या दिवसांत वेड लागलं नाही, ते त्या फोनमुळे. मला जे काही येतं ते या माणसाचं आहे, आणि हे त्याच्या तोंडावर म्हटलेलं त्याला चालत नाही, म्हणून इथे म्हणतोय.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. दादांच्या बोटीला तेल गळू नये म्हणून नवीन सील बसवले होते. शेवटची तपासणी. मी बटणाशी, काका मागे, दादा काठावर. मी बटण दाबलं. काकांचे तळवे निघाले, इंजिनं निघाली.

"थांब," काका म्हणाले. "डावं जास्त उठतंय."

मी मागे बघितलं. दोन्ही इंजिनं एका रेषेत होती. काकांचा उजवा तळवा खांद्याशी होता आणि डावा पोटाशीच राहिला होता.

मी बटणावरचा हात काढला आणि म्हटलं, काका, नुसते हात एकदा वर करा. उजवा गेला. डावा अर्ध्यावर अडला. काका अजून इंजिनाकडेच बघत होते, परत तेल बघ म्हणत होते, आणि त्यांचे शब्द जड झाले होते.

मी दादांना गाडी काढायला सांगितली. काका वाटेत भांडत होते की बोट अर्धवट टाकून कुठे नेताय.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाईंनी काकांना तपासलं, मेंदूचा फोटो काढायला सांगितला, औषध सुरू केलं. म्हणाल्या, वेळेत आणलंत, हातात ताकद परत येईल. मी भिंतीला टेकून रडलो. दादाही रडत होते.

मग बाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

मी त्यांचा मुलगा नाही, पुतण्या नाही.

काकांनी पलंगावरून मान वळवली. तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. उजवा हात उचलून माझ्याकडे बोट केलं आणि एकेक अक्षर सावकाश जुळवत म्हणाले,

"हा... मेकॅनिक."