आईची बाजू

काल टीव्हीच्या दुकानात बॉक्सिंग लागलं होतं. बाहेर उभ्या एका बाईंनी, हातातली भाजीची पिशवी सावरत, पडद्यावरचा ठोसा चुकवायला स्वतःचीच मान झटकन वाकवली. मला हसू फुटलं. मीही थांबले आणि त्यांच्यासोबत लाल हातमोजेवाल्यासाठी टाळ्या वाजवायला लागले.

लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीसमोर आम्ही चौघंही अशाच माना वाकवायचो. बाबा लालचे, दादा आणि मी निळ्याचे. आई मात्र मेथी निवडता निवडता जो मार खाईल त्याची व्हायची. डाव उलटला की तीही उलटायची.

"अगं, मघाशी तू निळ्याची होतीस ना?" बाबा वैतागायचे.

"मघाशी तो मार खात होता. आता ह्याला कोण आहे?"

शेवटी दोघं बॉक्सर घामाघूम होऊन एकमेकांच्या गळ्यात पडले, की सगळ्यात जोरात टाळ्या तिच्याच. आमच्यातलं कुणीतरी दर रविवारी हरायचंच. आई कधीच हरली नाही.

दुकानातला निळा धाडकन खाली बसला.

"ऊठ रे बाळा, ऊठ!" मी ओरडले.

त्या बाई चमकल्या. "अहो, तुम्ही लालच्या होतात ना?"

"मघाशी होते," मी म्हणाले.