बेचाळिसावं रोप

आबांनी मेंढरं विकली त्याला वर्ष होत आलं होतं. गुडघे गेले, रानोमाळ फिरणं होईना, म्हणून सगळा कळप एकाच दिवशी टेम्पोत चढला. त्या दिवशी माझे वडील अंगणातल्या बाजेवर बसले ते बसलेच. आम्ही आटपाडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे. तिकडं वाटेत माणूस भेटला की आधी विचारतो, "किती हायत?" कळप गेल्यावरही लोक सवयीनं विचारायचे आणि आबा खाली बघायचे. ज्या माणसाच्या हाकेला अख्खा माळ वळायचा, त्यानं असं खाली बघितलेलं मला बघवत नव्हतं.

मी सांगलीत, विश्रामबागेत राहते. एका कचेरीत कारकून आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट स्वतःच्या पगारातून घेतलाय, आणि कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतेच. आबांनी तो पाहिला नव्हता. आधी मेंढरं सोडून यायची सोय नव्हती आणि आता बाज सुटत नव्हती.

श्रावणात मी बियाण्याच्या दुकानातून झिनियाचं पाकीट आणलं. मला फुलांचं वेड वगैरे अजिबात नाही. दुकानदार म्हणाला, हे कडक उन्हात आणि कमी पाण्यावर येतं. म्हटलं, मग हे आमच्याच मुलखातलं दिसतंय. आबांना राखायला काहीतरी द्यायचं एवढंच माझ्या डोक्यात होतं. तसं तोंडावर सांगितलं असतं तर त्यांनी मला आल्या एस्टीनं परत धाडलं असतं, म्हणून बोलले नाही.

कचेरीतले चहाचे कागदी कप मी आठवडाभर गोळा केले. शिपाई म्हणाला, "मॅडम, भांड्यांचं दुकान काढताय काय?" घरी दाभण तापवून कपांच्या बुडाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं, एकेका कपात दोन बिया टाकल्या. झिनियाचं बी हातात घेतलं की आपण फसलो असंच वाटतं. भुसा नुसता. पण पाचव्या दिवशी हिरवे ठिपके वर आले आणि मी ऑफिसला उशिरा पोचले. स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन पुरेना, रोपं उंच वाढून माना टाकायला लागली. मग रोज सकाळी कप गॅलरीत, संध्याकाळी आत. बेचाळीस जगली. मी फोनवर आईला सांगितलं, "बेचाळीस रोपं घेऊन येतेय, आबांना सांग."

रविवारी दोन खोकी घेऊन एस्टीत चढले. कंडक्टर म्हणाला, "ताई, ह्यांचं हाप तिकीट काढू का?" मी म्हटलं, "पाच वर्षांखालची हायत सगळी." गाडी हसली.

अंगणालगत मेंढरं बसायची ती जागा रिकामी पडली होती. वर्षानुवर्षांच्या लेंड्यांनी तिथली माती काळीभोर झालेली. मी तिथं खोकी उतरवली आणि खड्डे काढायला लागले. आबा बाजेवरून नुसते बघत होते. मग काठी टेकत आले, एकेका कपावर नजर फिरवली आणि म्हणाले, "एक कमी हाय."

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून आपणहून आलेलं ते पहिलं वाक्य होतं.

"एक वाकडं निघालं आबा. उशिरा उगवलं. ते ठेवलं तिकडंच खिडकीत."

आबा भडकले. "लंगडं हाय म्हून मागं ठिवलंस? अगं, लंगडं कवा मागं ठिवत्यात का? लंगडं खांद्यावं घेत्यात!"

भर दुपारी, आईसमोर, चांगली पाच मिनिटं मी बोलणी खाल्ली. इतक्या सुखानं बोलणी मी आयुष्यात खाल्ली नव्हती.

पुढच्या रविवारी गेले तर रोपांभोवती वाघर लागलेली. कळप आत राहावा म्हणून रात्री मेंढरांभोवती लावायचं ते जाळं आबांनी माळ्यावरून काढलं होतं. ते स्वतः कडेला काठी घेऊन बसलेले. दुसऱ्यांच्या रानात मेंढरं शिरली म्हणून ज्या माणसानं जन्मभर शिव्या खाल्ल्या, तो आता शेजारच्या एका शेळीला आणि तिच्या धन्याला त्याच शिव्या घालत होता. आई पदराआड हसत होती.

महिन्याभरात रोपं मांडीएवढी झाली आणि प्रत्येकाच्या शेंड्यावर एक कळी आली. मी वाचलं होतं की ही पहिली कळी खुडायची, म्हणजे खालून फांद्या फुटतात. आबांना तसं सांगितलं, पण माझाच हात धजेना. त्या खिडकीत मी ती रोपं इतकी जपली होती. आबा आत गेले आणि खुंटीवरची लोकर कातरायची कातर घेऊन आले. वर्षभर तिनं काही कातरलं नव्हतं, तरी तेल पाजलेली होती.

"आवं आबा, सगळ्यांच्या नगा तोडू, चार-पाच ठिवा!"

"सर बाजूला. कातरल्याबिगर लोकर दाट येती व्हय?"

एकेचाळीस शेंडे त्यांनी एका दमात उतरवले. गुडघे दुखत असतील, पण वाकताना त्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही. मी शेंडे गोळा करत मागं मागं चालले होते आणि माझे डोळे भरून आले होते, ते कळ्यांसाठी नव्हे.

दसऱ्याला ती जागा लाल, केशरी, गुलाबी फुलांनी भरून गेली. गल्लीतल्या प्रत्येक दाराला तोरणात आमची झिनिया होती. कुणीतरी विकत मागायला आलं. आबा म्हणाले, "न्ह्या की. पर इकायची न्हाईत. एकदा इकलं त्येवडं बास झालं."

आबांचा फोन मात्र दर दोन दिवसांनी यायचा आणि प्रश्न एकच असायचा, "बेचाळिसावं कसं हाय?" ते वाकडंच राहिलं होतं, पण जगलं होतं. दिवाळीच्या आत त्याला एक फूल आलं, लहानसं, जांभळं. मी तसं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी बेल वाजली. दारात आबा उभे, डोक्याला नवा पटका, हातात काठी. एकटे एस्टीनं आले होते.

माझ्या घरात त्यांनी पहिलं पाऊल टाकलं ते सरळ खिडकीकडं. रोपाची मान एका बोटानं उचलून बघितली. मग घरभर फिरले, नळ सोडून बघितला, भिंतीवरून हात फिरवला. "चांगलं केलंस बाय," म्हणाले. मी पाठ फिरवून चहा टाकायला गेले.

तेवढ्यात समोरच्या काकू डोकावल्या. "वडील का? नमस्कार. गावाकडं मेंढरं आहेत ना तुमची? किती आहेत?"

त्यांना काय ठाऊक! माझ्या हातातली साखर सांडली. आता आबा खाली बघणार म्हणून मी धावत बाहेर आले.

आबांनी मान वर केली. "मेंढरं न्हाईत आता," ते म्हणाले. "झाडं हायत. बेचाळीस." आणि काठी खिडकीकडं केली. "त्ये लंगडं धरून."