न मारलेली लाथ

बेळगुंदीच्या राजाबाईची लाथ खायला लोक रांग लावायचे. ती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अन् पायाळूची लाथ लागली की कमरेत भरलेली उसण जाते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणूस उंबऱ्यात पालथा पडायचा, राजाबाई डाव्या पायाने तीनदा हलकेच लाथाडायची आणि एक नारळ घ्यायची. गुरुजींपासून सरपंचापर्यंत तिची लाथ न खाल्लेला माणूस गावात विरळा, आणि याचा तिला भारी तोरा होता.

बेळगावात फिजिओथेरपिस्ट असलेली तिची लेक दिपाली मात्र चिडायची. शेवटी तिनेच हात टेकले.

"आई, मार लाथा. पण आधी इचार, पाय बधिर हाय का, लघवी होती का? तसलं काय असलं तर पाय लावू नको. मणक्यातली शीर दबलेली असती."

"बरं गं डाक्टरीणबाई," म्हणून राजाबाईने विषय झटकला.

मग एका रविवारी शहापूरचा विणकर कल्लाप्पा आला. उभा जन्म मागावर बसून गेलेला. दोघांनी त्याला रिक्षातून धरून उतरवलं, उंबऱ्यात पालथं घातलं. अंगणात वीसेक माणसं बघत होती. राजाबाईने पाय उचलला आणि थबकली. कल्लाप्पाच्या एकाच पायात चप्पल होती.

"अण्णा, दुसरी चप्पल कुठाय?"

"न्हाय व्हय? कुठं पडली, कळलंच न्हाय बघा."

"लघवी?"

"कालपास्नं तटलीया, आक्का."

राजाबाईने पाय खाली घेतला. "मी न्हाय लाथ मारणार. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"म्हातारीचा गुण सरला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि अंगण हसलं. चाळीस वर्षांचं नाव होतं ते. तिच्या जिव्हारी लागलं.

"हसा की! पाय माझा हाय. कवा उचलायचा ते मी ठरवणार," ती कडाडली आणि तिने दिपालीला फोन लावला. त्याच दिवशी कल्लाप्पाचं ऑपरेशन झालं. आणखी उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

तीन महिन्यांनी कल्लाप्पा बस स्टॉपवरून चालत आला, दोन्ही चपला घालून. घरच्या मागावरची अंजिरी साडी त्याने राजाबाईच्या हातात ठेवली.

आता ती आधी दोन प्रश्न विचारते, मगच पाय उचलते. आणि साडीचं कुणी कौतुक केलं की ऐटीत सांगते, "लाथंला नारळ मिळतो रं. ही न मारलेल्या लाथंची हाय."