शांत बसलेल्याची पाळी

निम्म्या मिरच्यांची देठं काढून झाली होती, निम्म्या गच्चीत पोत्यावर तशाच पसरलेल्या होत्या, तेव्हा यशराज जिना चढून वर आला आणि आईसमोर उकिडवा बसला.

"आई, मला दवाखान्यात न्हे," तो म्हणाला. "मला माझंच भ्या वाटाय लागलंय."

अंबूबाईच्या हातातली मिरची हातातच राहिली.

गगनबावड्याकडची ही बाई लग्न होऊन उत्तरेश्वर पेठेत आली. नवरा लवकर गेला. गल्लीला वर्षाची चटणी करून देत तिनं एकुलतं एक पोर वाढवलं, कागलच्या एमआयडीसीत फिटर केलं. पण दोन वर्षांमागं पोराच्या कानात आवाज यायला लागले आणि काम सुटलं. दवाखान्याचं नाव काढलं की तो समोरचं ताट भिरकावायचा. तिनं मंगळवार धरले, अंबाबाईची ओटी भरली, ते पोर बरं व्हावं म्हणूनसुद्धा नव्हे. त्यानं एकदा 'चल' म्हणावं, एवढंच मागणं होतं. आज ते त्याच्या तोंडून निघालं होतं. किती वेळ टिकेल, हे तेवढं देवीलाच माहीत.

तिनं त्याला अंघोळ करायला लावली, इस्त्रीचा शर्ट दिला, कपाळाला अंगारा लावला. डॉक्टरापुढं जायचं तर नीटनेटकं जावं, ही तिची रीत. स्वतःचे हात साबणानं चोळचोळून धुतले, तरी मिरचीची आग राहिलीच.

सरकारी दवाखान्यात अपघात विभागाच्या खिडकीशी तिनं खालच्या आवाजात सगळं सांगितलं. झोप नाही, कानात आवाज, जिवाचं बरंवाईट करीन म्हणतोय. खिडकीतल्या माणसानं मान वाकडी करून यशराजकडं बघितलं.

"ह्यो तर नवरदेव दिसतोय की. बसा, बोलवतो."

बसले. उसाच्या ट्रॅक्टरखाली पाय सापडलेला एक माणूस आत गेला. जाऊ दे, रक्त वाहतंय, अंबूबाईनं मनात म्हटलं. मग बोट कापलेला गेला, मग कुत्रं चावलेली बाई. मग नाकात मणी अडकलेली एक चिमुरडी आईच्या कडेवरून हसत हसत आत गेली, तेव्हा अंबूबाईला त्या लेकराचाही राग आला. देवाधर्माची बाई ती. तिला स्वतःचीच शरम वाटली. पण राग काही गेला नाही.

दारावरच्या शिपाई मामांना तिनं पुन्हा विचारलं.

"मावशी, शांत बसलाय न्हवं तुमचा? मग घाई कशाची? मानसिकचं डॉक्टर वर हाईत, येतील की सवडीनं."

एवढ्यात चौघांनी एका माणसाला धोतरानं बांधून आणलं. तो शिव्या देत होता, थुंकत होता. त्याच्या नातेवाइकाला कुणी 'पावणं, थांबा' म्हणालं नाही. मामांनी स्वतः दार उघडलं, इंजेक्शन झालं, आवाज बंद झाला.

यशराज हे सगळं बघत होता. "आई, मीबी वरडू काय? एक काच फोडतो. लगीच घेतील."

"न्हाय. माझी आण हाय तुला. आपण असं न्हाय करायचं."

त्यानं ऐकलं. गुडघ्यांवर हात ठेवून शाळेत बसावं तसा बसून राहिला. त्याच्या कपाळाला घाम फुटला होता, अंगारा ओघळत होता. पुसायला तिनं हात उचलला आणि मिरचीच्या आठवणीनं मागं घेतला.

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "कानातलं म्हणतंय, घरला चल."

ती धावतच खिडकीशी गेली, हात जोडले. आतली तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आजी, वर दोनदा फोन केलाय. माझ्या हातात काही नाही." ती खरंच दमलेली दिसत होती. अंबूबाई वळली, तर बाकावर नुसती तिची पिशवी.

आणि तेव्हाच मामांनी पुकारा केला, "यशराज! कोण यशराज?"

"आत्ता होता हो. आत्ता हितंच होता."

"पेशंट न्हाय तर डॉक्टरांनी बघायचं कुणाला? तुम्हाला?" मामांनी कागद खाली सारला. पुढचं नाव घेतलं.

देवीनं तिचं ऐकलं होतं. माणसांनी ऐकेपर्यंत ते टिकलं नाही.

तो घरी सापडला. गच्चीत, पोत्याशी, उरलेल्या मिरच्यांची देठं काढत बसला होता. इस्त्रीचा शर्ट लाल झाला होता. ती त्याच्याशेजारी टेकली, दम घेतला.

"उद्या सकाळी परत जाऊया, बाळा. मी आधी नंबर लावून ठेवते."

"गेलतो की आई."

"आज गर्दी हुती."

"तू बस म्हणालीस, मी बसलो. काच फोडली न्हाय." त्यानं एक देठ मोडलं. "आता पुन्हा म्हणू नको."

मग उठून तो खाली आपल्या खोलीत गेला. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज तिनं वरून ऐकला. धावत जाऊन दार वाजवलं, वाजवत राहिली. बऱ्याच वेळानं त्यानं उघडलं, पाणी प्यायला चुलीपाशी गेला. त्या कडीकडं ती बघत राहिली.

मिरच्या भरायच्या राहू देत. शेजारच्या मनालीला त्याच्याजवळ बसवून तिनं पायात चप्पल घातली. दिवेलागणीच्या आत कोपऱ्यावरच्या कृष्णात सुताराला बोलावून आणायचं होतं, यशराजच्या खोलीची आतली कडी काढून घ्यायला.