फैजपूरची सुट्टी

"मुद्दा एकदम सोपा शे," असं आबा म्हणाले की न्यायाधीशसाहेब पाण्याचा ग्लास जवळ ओढत. आता तासभर सुटका नाही, हे त्यांना कळे. असे एखादे वकील तुमच्याही ओळखीचे असतील. जळगावात मी आबांची ज्युनिअर होते. आबा मूळचे साक्रीकडचे. कोर्टात बोलत शुद्ध मराठी, पण रंगात आले की अहिराणी डोकं वर काढायची.

एकदा फैजपूरची एक लेक आमच्याकडे आली. नवऱ्याशी बिनसलं, म्हणून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ती नेदरलँड्सहून माहेरी निघून आली होती. नवरा मूळचा अमळनेरचा, नोकरीला नेदरलँड्समध्येच. त्याने तिथल्या पोलिसांत तक्रार करून मुलगी परत मागितली. ताबा आईकडेच राहावा म्हणून आम्ही जळगावात अर्ज केला. त्याचे वकील म्हणाले, मुलगी नेहमी जिथे राहते तिथल्या कोर्टाने हे ठरवावं, आणि ती राहते नेदरलँड्सला.

"कोण म्हणतं? पोर फैजपूरला रुळली शे!" आबा गरजले. "चल, बघून येऊ."

पोर खरंच रुळली होती. आजोबांच्या मागे केळीच्या बागेत पळत होती, भरीत बोटं चाटून खात होती. आबा खूश. "हे बठ्ठं, सगळंच्या सगळं लिहून घे," मला हळूच म्हणाले. मग तिच्याकडे वळले.

"बाळ, इथेच राहणार ना आता?"

ती हसली. "नाही आबा, आम्ही सुट्टीला आलोय. सुट्टी संपली की घरी. पप्पा माझ्या सायकलमध्ये हवा भरून ठेवणारेत."

तिची आई झटकन स्वयंपाकघरात गेली. निघताना सांगितलेलं हे खोटं मोडायचा तिला धीरच झाला नव्हता.

परतताना भुसावळ येईपर्यंत आबा एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, तब्येत बिघडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलीच्या आईला बोलावलं. "पोरी, तू म्हणशील तर लढतो. जिंकेनही कदाचित. पण तिची सुट्टी संपणार कधी?"

"मी परत गेले तर तिचे पप्पा तिला काढून घेतील, आबा. तिकडे माझं स्वतःचं छप्परसुद्धा नाही."

"मग आधी छप्पर मागू."

नवरा तडजोडीला आला तो ताठ मानेने. आबांनी त्याला समोर बसवलं. शाळेजवळ आईला वेगळं घर, मुलगी तिच्याकडे, शनिवार-रविवार वडिलांकडे, तक्रार मागे, आणि दर उन्हाळ्यात फैजपूर. दिवसामागून दिवस आबा बोलत राहिले. शेवटी ते थांबावेत म्हणूनच त्याने सही केली, असं मला आजही वाटतं. दोन्ही देशांच्या कोर्टांत तडजोड नोंदवल्याशिवाय मात्र आबांनी आईला तिकीट काढू दिलं नाही.

पुढच्या मे महिन्यात मायलेकी ऑफिसात आल्या. आबा हिवाळ्यातच गेले होते. मुलीने त्यांच्यासाठी चॉकलेट आणलं होतं. ते हातात धरून ती जरा वेळ घुटमळली, मग खुंटीवरच्या त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात तिने ते हळूच सरकवलं.

जळगावच्या उन्हाळ्यात त्या चॉकलेटचं काय झालं असेल, ते तुम्हाला सांगायला नको. कोट मी अजून धुवायला टाकलेला नाही.